आतून काढलेलं घर

कंपनीचा टेम्पो गोदामासमोर थांबला आणि त्यातून मांजरपाटाचे चार तागे उतरले, तेव्हा सुईकाकूला आधी बरं वाटलं आणि मग धास्ती वाटली. बरं वाटलं ते अशासाठी, की सात महिन्यांनी काम आलं होतं. धास्ती वाटली ती अशासाठी, की हे काम ज्या उजव्या हातानं व्हायचं तो हात मास्तरांच्या मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. मास्तर खाटेवर बसून डाव्या हातानं चहा पीत होते. चहा सदऱ्यावर सांडत होता आणि आपण तो बघत नाही असं ती दाखवत होती.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. फिरत्या नाटक कंपनीचे पडदे तीस वर्षं त्यांनी रंगवले. कापडाचे पट्टे जोडून शिवायचे, सरस उकळायचा, रंग घोटायचे, मास्तरांनी रेघ मारून दिली की आतली जागा भरून काढायची, हे सगळं तिचं. पण लोकांच्या डोळ्यांत भरायची ती तिची बोटभर वाकडी सुई, म्हणून सगळी कंपनी तिला सुईकाकू म्हणायची. राहायचं कंपनीच्याच गोदामात. पडदा जमिनीवर अख्खा पसरता यावा म्हणून चाळीस हात लांब पत्र्याची जागा त्यांना मिळाली होती. तिच्या एका टोकाला चूल, खाट, दोन ट्रंका आणि कपड्यांची दोरी. तेवढ्या टोकाला ती घर म्हणायची. मास्तर सगळ्यालाच गोदाम म्हणायचे.

त्या वर्षी पाऊस आला तसा गेला. शेतात काही उभं राहिलं नाही, तेव्हा नाटक कोण बोलावणार? कंपनी सात महिने बसून होती. त्यातच थंडीत एका सकाळी मास्तरांच्या हातातून दात घासायचा ब्रश गळून पडला आणि तो त्यांना काही केल्या उचलता येईना. तोंड वाकडं झालं ते महिन्याभरात सरळ झालं. हात मात्र रुसला तो रुसलाच.

टेम्पोतून मालक स्वतः उतरले होते. मालक तसे वाईट नव्हते. आवाज चढवत नसत, आणि तीच पंचाईत होती, कारण न चढवता बोललेलं त्यांना मागे घेता येत नसे. त्यांनी नवं नाटक समजावून सांगितलं. एक मुलगी वीस वर्षांनी घरी परत येते, शेवटचा अख्खा अंक घरात. घराचा पडदा हवा, सतरा दिवसांत. मग त्यांनी मास्तरांच्या हाताकडे बघितलं आणि तिथून नजर काढून पत्र्याकडे नेली. शहरात आता छापील पडदे मिळतात, म्हणाले, दोन दिवसांत तयार, घडी घातली की पिशवीत मावतात. हा पडदा जमला तर ठीक, पुढचंही काम इथंच. नाही जमला तर यापुढे सगळं छापीलच, आणि मग हे गोदाम खुर्च्या अन् दिव्यांना लागेल.

"होईल," मास्तर म्हणाले.

कसं होईल ते मालकांनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. टेम्पो गेल्यावर सुईकाकूनं तागे मोजले, सुईत दोरा ओवला आणि कामाला लागली. कुठं जायचं हा विचार तिनं दोऱ्याच्या गाठीत घट्ट बांधून टाकला, पण शिवण घालताना दर हातभर अंतरावर तो पुन्हा वर यायचा.

तीन दिवस ती शिवत होती. शिवण सपाट हवी, नाहीतर दिव्यात तिची सावली पडते आणि भिंतीला तडा गेल्यासारखं दिसतं. चौथ्या दिवशी सरस, कापडानं रंग धरावा म्हणून. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा आणि माणशी दोन घागरी द्यायचा. त्यातली एक सरसच पिऊन टाकायचा. अंघोळीला सुट्टी. पत्रा वरून तापलेला, खाली सरसाचा वास, आणि कापड सुकायच्या आत कढत सरस एका दमात सारखा पसरायचा. मास्तर डाव्या हातानं ओतायचे आणि ती गुडघ्यांवर रांगत कुंच्यानं ओढत न्यायची. संध्याकाळी तिच्या बोटांची सालं निघाली होती आणि गुडघे जमिनीला टेकवेनात. मास्तरांनी तेलाची वाटी तिच्यासमोर सरकवली.

पाचव्या दिवशी दोरीला नीळ लावून, ती ताणून आपटून रेघा पाडायच्या होत्या. काय काढायचं ते ठरलेलंच होतं. मास्तरांनी आजवर अकरा घरं रंगवली होती आणि अकराही एकाच घराची भावंडं. पुढं दोन खांब, चार पायऱ्या, वर कौलं, मधोमध बंद दार, दाराला पितळी कडी. शेजारी खिडकी, आणि खिडकीखाली कोपऱ्यातल्या भिंतीवर एक पाल. पाल ही मास्तरांची सही. बाकीचे पडदेवाले कोपऱ्यात नाव घालतात, मास्तर पाल काढायचे. नवा पडदा आला की कंपनीतली माणसं आधी ती पाल शोधायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, दार नेहमी बंद का असतं? मास्तर म्हणाले होते, उघडं दाखवलं तर आतलं काढावं लागतं, दुप्पट मेहनत. तिला ते पटलं होतं.

रेघा पडल्या. खांबाची एक रेघ थरथरली, ती तिनं पुसून नीट केली. मग मास्तरांनी गेरूची बादली उचलली. ती म्हणाली, मी आणते. ते म्हणाले, बादली उचलायला काय चित्रकार लागतो? आणि हट्टानं उजव्या हातात धरली. चार पावलं हात शहाण्यासारखा वागला. पाचव्या पावलाला, बरोबर कापडाच्या मधोमध, बोटं उघडली.

पुरुषभर उंचीचा आणि दोन हात रुंदीचा डाग पडला. सुईकाकूनं धावत जाऊन फडकं लावलं, पण कोरं कापड गेरू काय सोडतं! तिला ठाऊक होतं, मास्तरांनाही ठाऊक होतं, की हा रंग झाकता येत नाही. वरून पांढरा मारा, निळा मारा, ओल लागली की गेरू खालून पुन्हा डोकं वर काढतो. धुवावं तर सरस निघून जातो आणि कापडाचं फडकं होतं. दुसरं कापड मागायला तोंड नव्हतं.

मास्तर तिथंच डागाच्या कडेला बसले. "टेम्पो बोलाव," म्हणाले. "सांग त्यांना, घेऊन जा सगळं."

तिनं टेम्पो बोलावला नाही. चहा टाकला. नवऱ्याचे गेरूनं भरलेले पाय ओल्या फडक्यानं पुसले, तेव्हा तो उजवा हात तिच्या खांद्याला टेकला होता, गार आणि जड. तिला त्या हाताचा रागही आला आणि कीवही आली. मग ती चुलीपाशी आपल्या जागेवर बसून राहिली. ऊन कललं. रोजच्यासारखं गोदामाच्या दारातून आत आलं आणि जमिनीवर लांब पसरलं. तिनं चुलीपाशी बसल्या बसल्या दाराकडे पाहिलं, मग कापडाकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे. रंग तोच होता. मापही जवळजवळ तेच.

सकाळी मास्तर जागे झाले तेव्हा ती कोळसा घेऊन कापडावर ओणवी झाली होती.

"काय करतेस?"

"दार काढते."

"मधोमध? आणि उघडं?"

"उघडं तर ते झालंच आहे. आता बंद कसं करणार?"

मास्तर उठून आले. त्यांना आधी कळेचना. मग कळलं, की बाई आत बसून बाहेर बघते आहे, आणि त्यांचा पारा चढला. नाटकातलं घर रस्त्यावरून दिसतं, ते म्हणाले, खांब हवेत, कौलं हवीत, शेवटच्या रांगेतल्या माणसाला पडदा उघडताच कळलं पाहिजे की हे घर आहे. ती म्हणाली, ती मुलगी वीस वर्षांनी घरात पोचली, मग आपण अजून रस्त्यावर का उभे? मास्तरांनी तीन तऱ्हेच्या खांबांची नावं, दोन कमानींची मापं सांगितली. तिनं कोळसा खाली ठेवला नाही. तेव्हा ते म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? तू शिवणारी."

तीस वर्षांत हे कधी तोंडावर आलं नव्हतं. सुईकाकूला ते लागलं, चांगलंच लागलं. पण उत्तर द्यायला बसलं तर दिवस जातो आणि दिवस बाराच उरले होते. तिनं कुंचा उचलला. मास्तर पत्र्याकडे तोंड करून आडवे झाले आणि त्यांनी बोलणं टाकलं.

चित्र काढणं तिला येत नव्हतं, हे खरं. पण भरणं येत होतं. तीस वर्षं आभाळं तिनं भरली होती, भिंती तिनं भरल्या होत्या. रेघ कुठं मारायची एवढंच नवीन होतं, आणि ती जिथं बसायची तिथून जे दिसतं त्याला रेघ मारायला फार अक्कल लागत नव्हती. तिनं सगळं गुडघ्याच्या उंचीवरून काढलं, कारण तिचा दिवस त्याच उंचीवर जायचा. डाव्या हाताला चूल आणि तिच्यावर भिंतीला चढलेली काजळी. भिंतीला टेकवलेलं पातेल्याचं झाकण. खाटेचे पाय आणि त्यातल्या एकाखाली घातलेली वीट. कोपऱ्यात चेपलेली ट्रंक. दोरीवर एक लुगडं आणि खिळ्याला सदरा, उजव्या बाहीला रंगाचे डाग पडलेला. दाराशी दोन जोड चपलांचे, एक मोठा, एक लहान. आणि मधोमध दार, उघडं, त्यातून आत आलेलं ऊन. सगळं ठळक काढलं. शेवटच्या रांगेतला माणूस आपला जावई नव्हे, तो डोळे ताणून बघणार नाही, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं.

या रंगाची एक खोड असते. ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणून आधी कशावर तरी ओढून, फुंकून, वाळवून बघावा लागतो. मास्तर इतकी वर्षं तो तिच्या डाव्या मनगटावर ओढून बघत आले होते, जवळ असायची म्हणून आणि पुढं सवय झाली म्हणून. बाजारात बायका विचारायच्या, हे काय लागलंय हाताला? ती म्हणायची, आभाळ. आता ती स्वतःच स्वतःच्या हातावर पट्टे ओढत होती. पत्र्याकडे तोंड केलेले मास्तर तिसऱ्या दिवशी या कुशीवर वळले. पट्टे मोजले असावेत. बोलले नाहीत, पण परत वळलेही नाहीत.

चौथ्या दिवशी ती काजळी भरत होती. काजळ आणि नीळ मिसळून तिनं सुरेख धुरकट रंग केला होता आणि दिवसाच्या उजेडात चुलीवरची भिंत अगदी खरी वाटत होती. अंधारायला लागलं तसे मास्तर उठले. खाटेखालचा जुना रंगमंचाचा दिवा डाव्या हातानं ओढत आणला.

"लाव हा," म्हणाले.

तिनं लावला. पिवळा उजेड पडला आणि सुईकाकूच्या तोंडचं पाणी पळालं. धूर नाहीसा झाला होता. भिंतीत एक काळंकुट्ट भोक पडलं होतं. निळा रंग पिवळ्या दिव्याखाली काळा होतो, हे तिनं शंभर वेळा ऐकलं होतं, पण दिव्याचं बघणं हे तिचं काम कधी नव्हतं.

"चूल नाही, विहीर दिसते आहे," मास्तर म्हणाले. "लोक म्हणतील, पोरगी घरी आली आणि विहिरीत जाऊन बसली."

तिला राग धरून ठेवायचा होता, पण हसू आलंच. मास्तर तिच्या शेजारी खाली बसले. निळीत गेरू घाल, म्हणाले, थोडा. आणखी थोडा. मग तिचा डावा हात ओढून घेतला आणि आपल्या डाव्या, न शिकलेल्या बोटांनी त्यावर तीन पट्टे काढले. दिव्याजवळ नेऊन फुंकर मारत बसले. मधला, म्हणाले. मधला खरोखरच धूर होता.

ती काजळी नीट करत होती आणि मास्तर दिवा धरून होते. दिवा हळूहळू सरकत सदऱ्यापाशी गेला, विटेपाशी गेला, ट्रंकेपाशी थांबला.

"हे तर इथलंच आहे," ते म्हणाले.

"मग दुसरं कुठलं येतं मला?"

मास्तरांनी दिवा खाली टेकवला. मग जे बोलले ते दिव्याकडे बघत. त्यांचा जन्म कंपनीच्या गाडीत झालेला, दोन गावांच्या मधे, कुठल्या हद्दीत ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नाही. आई कंपनीचा स्वयंपाक करायची. निजणं तंबूत, नाहीतर शाळेच्या पडवीत. घरं पाहिली ती रस्त्यावरून जाताना, आणि तिन्हीसांजेला दारं लागलेली असायची. "दुप्पट मेहनत वगैरे काही नव्हतं," ते म्हणाले. "आत काय काय असतं, तेच मला माहीत नव्हतं."

"तीस वर्षं आत राहताय की तुम्ही."

"मला ते गोदामच वाटायचं गं."

सुईकाकूला भडभडून आलं. तीस वर्षं तिनं जमीन सारवली होती, दोरी बांधली होती, विटा घातल्या होत्या, आणि हा माणूस रोज रात्री मुक्कामाला आल्यासारखा झोपत होता. त्याला दोन शब्द सुनवावेत असं तिला वाटलं, आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. दिवा जरा वर धरा, म्हणाली.

पुढचे आठ दिवस दोघांनी मिळून काम केलं. मास्तर दिवा धरायचे, रंग सांगायचे, चुका काढायचे आणि चुका काढताना त्यांची भूक सुधारली.

सतराव्या दिवशी उन्हं उतरताना मालक आले. बरोबर आक्का होती, कंपनीतली जुनी नटी, सत्तरीला टेकलेली, नव्या नाटकात आईचं काम करणारी. पडदा आढ्याच्या दोरीवर ओढून उभा केला, दिवे लावले. मालक मागे सरकत सरकत गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. सुईकाकूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"घर कुठं आहे यात?" मालक अखेर म्हणाले. खांब नाहीत, छप्पर नाही. आणि प्रेक्षक बसलेत कुठं, आत का बाहेर? त्यांनी खिशातून फोन काढला आणि हातात नुसता धरून ठेवला.

आक्काचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पडद्यासमोर फिरत होती. मग गुडघ्यावर हात दाबून, कण्हत, ती चुलीच्या बाजूला खाली बसली, दाराकडे तोंड करून. थोडा वेळ बसून राहिली.

"मुलगी त्या दारातून येईल," ती म्हणाली, "आणि मी इथं असेन. त्या खांबांच्या घरात तीस वर्षं आई झाले मी, पण बसायचं कुठं ते कधी कळलं नाही. नुसती उभी राहायचे."

मालकांनी आक्काकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा आक्काकडे पाहिलं. फोन खिशात गेला. दोन पावलं पुढं येऊन ते मोकळेपणानं म्हणाले, "मास्तर, हात गेलाय असं वाटत नाही हो."

हे येणार हे सुईकाकूनं आधीच धरलं होतं आणि आपण गप्प राहायचं हेही ठरवलं होतं. डोक्यावरचा पत्रा राहतो आहे ना, मग नाव कुणाचं का लागेना. तिनं मान खाली घातली. मास्तर पडद्याजवळ गेले.

"हात गेलाच आहे," मास्तर म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी उघड्या दारातलं ऊन दाखवलं. "माझं यात एवढंच. हे मी सांडलं. बाकी सगळं हिचं आहे."

सुईकाकूनं मान वर केली. मालक तिच्याकडे वळून बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, जंगल येतं का?" त्यांनी विचारलं. पुढच्या नाटकात एक जंगल होतं.

"जंगल मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. खोटं कसं बोलणार?

"मी पाहिलंय," मास्तर म्हणाले. "रस्त्यावरून."

आक्का आधी हसली, मग मालक. खुर्च्यांना दुसरी जागा बघावी लागेल, मालक म्हणाले, आणि एवढ्यावर तो विषय मिटला. सुईकाकूनं बोटाचा पदर सोडला तेव्हा बोट पांढरं पडलं होतं.

टेम्पोवाल्यानं पडदा गुंडाळायला बांबू आणला. तेवढ्यात आक्कानं विचारलं, "पाल कुठं आहे?"

मास्तर म्हणाले, पडदा माझा नाही, मग पाल कशी काढू? सुईकाकूनं बारीक कुंचा काळ्या रंगात बुडवला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. सगळं काढलं, म्हणाली, पाल मला येत नाही, ती तुमची तुम्हीच काढा. मास्तर कुंचा घेऊन सवयीनं खालच्या कोपऱ्याकडे निघाले, जिथं अकरा पडद्यांवर बाहेरची भिंत होती. तिथं या पडद्यावर ट्रंक होती. ते थांबले. दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथं खाटेचा पाय होता. पडद्यावर बाहेरची जागाच नव्हती.

मग त्यांनी दाराच्या वरची भिंत दाखवली. हात पोचेना, म्हणून सुईकाकूनं खरी ट्रंक ओढून आणली. मास्तर तिच्यावर चढले आणि ती त्यांची कंबर धरून उभी राहिली. त्यांनी डाव्या हातानं पाल काढली. पोट फुगलं, एक पाय आखूड झाला, शेपटीला नको तिथं वळण पडलं.

"कशी झाली?" त्यांनी वरूनच विचारलं.

"म्हातारी झाली आहे," ती म्हणाली. "पण आत आली."

पाल वाळेपर्यंत पडदा गुंडाळता येत नव्हता. मालक घड्याळ बघत उभे होते, आक्का पायांचा भार बदलत उभी होती. मास्तर ट्रंकेवरून उतरले, कुंचा पाण्यात ठेवला आणि चुलीच्या टोकाकडे हात केला.

"इथं कशाला उभे?" ते म्हणाले. "चला, घरात बसू. चहा होईल."

सुईकाकू पुढं होऊन चूल पेटवायला बसली, म्हणजे तिचे डोळे कुणाला दिसणार नव्हते. कप तीनच होते. मास्तरांनी आपला चहा वाटीत घेतला, आणि सांडला तेव्हा या वेळी तिनं पदरानं पुसला.